आरसीसीबी पडण्याच्या वेळांनी सांगितलेलं दुखणं: मालवणच्या एका खानावळीतला फ्रीझर

मालवणजवळ, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या एका खानावळीतल्या फ्रीझरचं हे प्रकरण आहे. स्टीलचा, चार दारांचा उभा फ्रीझर. पाऊण एचपीचा कॉम्प्रेसर, गॅस आर-४०४ए, डिजिटल कंट्रोलर, आणि आतल्या कॉइलवरचा बर्फ वितळवायला विजेचा डिफ्रॉस्ट हीटर. तक्रारी तीन होत्या. रात्री स्वयंपाकघराचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळाली की लाइन तोडणारा स्विच) पडायचा आणि सकाळी मासा नरम मिळायचा. संध्याकाळी कधी कधी फ्रीझर नुसता घुमायचा, टक् आवाज करून गप्प व्हायचा, पुन्हा घुमायचा. आणि गिऱ्हाईक पूर्वीएवढंच असताना महावितरणचं बिल चढत चाललं होतं.

दिवस मे महिन्याचे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे मे संपता संपता खानावळवाले सुरमई, पापलेट, कोळंबी भरून ठेवतात. वर्षात फ्रीझरवर सगळ्यात जास्त भार येतो तो याच दिवसांत, आणि हवाही तेव्हाच सगळ्यात गरम असते.

यात फक्त पैशाचं नुकसान असतं तर एवढी काळजी वाटली नसती. बांगडा, सुरमई, कुपा या माशांचं तापमान चढलं की जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. एकदा तयार झालं की तळा, उकळा, नाहीतर पुन्हा गोठवा, ते जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, उलट्या होतात. आणि मासा वासाला ठीकच लागलेला असू शकतो. गोठवलेल्या मालाचं तापमान उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली राहायला हवं. रात्री वितळून सकाळी पुन्हा गोठलेला मासा गिऱ्हाइकाच्या ताटात जाणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

माझ्याआधी आलेल्या मेकॅनिकने गॅस भरला होता, रिले आणि कपॅसिटर बदलले होते आणि आता कॉम्प्रेसरच बदलावा लागेल असं सांगून ठेवलं होतं. मध्ये कुणाच्या सांगण्यावरून स्टॅबिलायझर घेतला गेला. एका वायरमनने आरसीसीबी काढून लाइन थेट जोडायचा उपाय सुचवला होता. मालकीणकाकींनी तो मानला नाही, आणि त्यांच्या या एका नकारामुळे कुणाचा तरी जीव वाचला असं मी अगदी मनापासून म्हणतो. ओली फरशी, अनवाणी पाय, स्टीलची बॉडी आणि आत गळकी वायर. अशा जागी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हीच माणसाची ढाल असते. तो पडतोय याचा अर्थ तो काम करतोय.

कॅलेंडरवरचे आकडे

काकी म्हणाल्या, "रातीक कधी बंद पडता ता कळणा नाय रे बाबा. सकाळी दार उघडलंय की मासो नरम."

रात्रीचं कळत नव्हतं, पण दिवसाचं कळण्यासारखं होतं. दुधाचा हिशेब लिहायच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्याच चौकोनात, लाइट गेल्या-आल्याच्या वेळा लिहायची त्यांच्या सुनेला सवय होती. आरसीसीबी उचलल्याच्या वेळाही तिथेच होत्या. मी पाना-पक्कड बाजूला ठेवून आधी ते वाचायला बसलो.

एका दिवशी पहाटे साडेपाचला आरसीसीबी उचलला होता. मग सकाळी साडेअकराला पडला, लगेच उचलला. संध्याकाळी साडेपाचला पडला, लगेच उचलला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून पाहिलं तर पडलेलाच. आणखी एका दिवशी सुरुवात सकाळी सव्वासहाला, मग दुपारी सव्वाबारा, मग संध्याकाळी सव्वासहा. एका दिवशी दुपारी लाइट जाऊन तीन वीसला आली होती. त्या दिवशी संध्याकाळी काहीच झालं नाही, पण रात्री नऊ वीसला पडला.

म्हणजे दुखणं रात्रीचं नव्हतंच. वीज मिळाल्यापासून बरोबर सहा तासांनी आरसीसीबी पडत होता, मग ती वीज बटण उचलून आलेली असो की महावितरणकडून. दिवसा कुणीतरी लगेच उचलायचं, म्हणून ती तक्रार वाटलीच नाही. मध्यरात्री उचलायला कुणी नसायचं, म्हणून ती तेवढी लक्षात राहिली.

घड्याळ लावून दर सहा तासांनी फ्रीझरमध्ये एकच गोष्ट होते, ती म्हणजे डिफ्रॉस्ट. कंट्रोलरची सेटिंग उघडून पाहिली तर डिफ्रॉस्टचं अंतर सहा तास. असे बरेच कंट्रोलर वीज आली की मोजणी नव्याने सुरू करतात. म्हणून उचलल्या उचलल्या फ्रीझर निमूट चालायचा आणि सगळ्यांना वाटायचं, झालं ठीक. सहा तासांनी कंट्रोलर कॉम्प्रेसर बंद करून हीटरला फेज द्यायचा आणि त्याच क्षणी आरसीसीबी पडायचा.

आता हीटर तपासायचा. आधीच्या मेकॅनिकनेही तो तपासला होता आणि "चांगला आहे" म्हणून सोडून दिला होता. मल्टिमीटरवर दोन टोकांमध्ये ८८ ओहम येत होते. २३० व्होल्टला हिशेब केला तर साधारण ६०० वॉट, म्हणजे पाटीवर लिहिल्याप्रमाणेच. पण हे माप फक्त आतली तार अखंड आहे एवढंच सांगतं. तार आणि वरची धातूची नळी यांच्यातलं इन्शुलेशन शाबूत आहे का, हे त्यातून कळत नाही. प्लग काढला, हीटरच्या दोन्ही वायर कंट्रोलरपासून सोडवल्या, कारण मेगरचे, म्हणजे इन्शुलेशन तपासायच्या मीटरचे, ५०० व्होल्ट कंट्रोलरमध्ये शिरले तर तो जळतो. मग हीटर ते बॉडी मेगर लावला. किमान एक मेगोहम तरी यायला हवा होता. मीटर शून्याला चिकटला. मल्टिमीटरवर घेतलं तेव्हा ६.८ किलोहम. २३० व्होल्टला यातून सुमारे ३४ मिलिअँपियर जमिनीकडे जातात. ३० चा आरसीसीबी पडणारच.

अशा हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती कोरडी असेपर्यंत उत्तम इन्शुलेटर, पण ओल फार पटकन धरते. टोकाचं रबरी सील तडकलं की दर डिफ्रॉस्टचं पाणी आत झिरपतं. इथे फेजकडच्या टोकाचं सील बोटाने दाबताच भेगाळलेलं दिसलं आणि खालच्या पितळी पिनेवर हिरवट थर चढला होता. खाऱ्या हवेत हे लवकर होतं. पंख्याची मोटर, दाराच्या चौकटीचा हीटर, कॉम्प्रेसर, सगळ्यांना मेगर लावून पाहिला. दोष कुठेच नव्हता. त्या वेळेपुरता हीटर पूर्ण सोडवून वायरींची टोकं बंद केली. आरसीसीबी पडणं थांबलं.

संध्याकाळचं घुमणं

दुसरी तक्रार वेगळी वाटत होती, पण तिचंही मूळ कॅलेंडरच्या त्याच चौकोनांत सापडलं. घुमण्याचा त्रास साधारण संध्याकाळच्या आरसीसीबीनंतर लगेच व्हायचा, सकाळी साडेअकराच्या वेळी कधीच नाही. साडेपाच-सहाला दोन गोष्टी एकत्र येतात. गावात दिवे, पंखे, पंप लागायची वेळ होते आणि व्होल्टेज उतरतं. आणि बंद पडलेला कॉम्प्रेसर मिनिटभरात पुन्हा उठवला जातो, तेव्हा त्याच्या दोन बाजूंचा गॅसचा दाब सारखा झालेला नसतो, त्यामुळे मोटरला उठताना जास्त जोर लागतो. कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसर उशिरा सुरू करायची सोय असते, ती इथे शून्य मिनिटांवर ठेवली होती.

एवढ्यानेही धडधाकट कॉम्प्रेसर सहसा अडत नाही. स्टॅबिलायझर बाजूला काढून ठेवला, फ्रीझर थेट सॉकेटवर चालू केला आणि मापं घेतली. संध्याकाळी डीबीमध्ये, म्हणजे मेन स्विचच्या डब्यात, २१२ व्होल्ट. पुरवठा उतरलेला, पण फ्रीझर अडावा इतका नाही. त्याच वेळी फ्रीझरच्या सॉकेटवर १९९. क्लॅम्प मीटरवर करंट ४.८ अँपियर. डीबीपासून सॉकेटपर्यंत जेमतेम पंधरा मीटर वायर, आणि त्यात १३ व्होल्ट गायब.

असं झालं की बहुतेक जण वायर बारीक आहे म्हणतात. वायर दीड चौरस मिलिमीटरची होती, म्हणजे या कामाला बारीकच, पण एवढ्या लांबीच्या जाऊन-येऊन वायरीत ४.८ अँपियरला दोन व्होल्टच्या आतच घट यायला हवी. बाकीचे अकरा कुठे गेले? एक लांब लीड घेऊन डीबीचा फेज ते सॉकेटचा फेज मोजला, फ्रीझर चालू असताना. जेमतेम एक व्होल्ट. मग न्यूट्रल ते न्यूट्रल. बारा व्होल्ट, त्यातला जेमतेम एक वायरचा. दोष फेजमध्ये नव्हता, न्यूट्रलमध्ये होता. टेस्टर लावून पाहणाऱ्याला तो कधीच दिसला नसता, कारण फेजवर दिवा छान लागतो.

मेन बंद करून सॉकेट उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायरचे सुटे धागे नुसते वळवून घातलेले होते, लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) नाही. तांबं काळं-हिरवं पडलेलं, वायरचं पीव्हीसी दोन बोटं आतपर्यंत तपकिरी होऊन कडक झालेलं, बोटाने मोडत होतं. प्लगच्या न्यूट्रल पिनेलाही भाजल्याचा डाग. अकरा व्होल्ट आणि ४.८ अँपियर म्हणजे त्या एका स्क्रूखाली सतत ५० वॉटपेक्षा जास्त उष्णता. सोल्डरिंगचं लहान आयर्न सॉकेटच्या डबीत रात्रंदिवस चालू ठेवलं तर जे होईल तेच इथे होत होतं. शेजारी तेलाचे डबे होते. विजेच्या बिलात हे रोजचं सव्वा युनिट किरकोळ दुखणं वाटेल, पण आगीची भीती याच जागी होती.

सुरू होतानाची गोष्ट आणखी वाईट. जागच्या जागी अडलेला असा कॉम्प्रेसर २३० व्होल्टला २८ अँपियरच्या आसपास ओढतो. वाटेत अडीच-पावणेतीन ओहमचा असा अडथळा असला की मोटरच्या टोकाला १६० व्होल्टच्या आसपासच पोहोचतात. मीटरच्या मिनिमम नोंदीने तेच दाखवलं. त्या व्होल्टेजला आणि तशा दाबाला मोटर उठू शकत नाही, घुमते, ओव्हरलोड (मोटरचं रक्षण करणारा स्विच) तापून टक् करून सुटतो, थंड झाला की पुन्हा तेच. कॉम्प्रेसर गेला असं वाटायला लावणारं हेच दृश्य. वाइंडिंगची मापं मात्र स्वच्छ होती: कॉमन ते रन २.१ ओहम, कॉमन ते स्टार्ट ५.६, रन ते स्टार्ट ७.७. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी येते, म्हणजे वाइंडिंग कुठे तुटलेलं नाही. बॉडीला मेगर १०० मेगोहमच्या वर. चांगला कॉम्प्रेसर भंगारात जाता जाता राहिला.

स्टॅबिलायझरने इथे मदत तर केली नाहीच, नुकसान केलं. तो जळका सॉकेट आणि फ्रीझर यांच्या मधे बसवलेला होता. फ्रीझरला पूर्ण व्होल्टेज द्यायचं म्हणून तो मागून जास्त करंट ओढायचा, आणि तो सगळा करंट त्याच जळक्या न्यूट्रलमधून यायचा.

त्याच संध्याकाळी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर डीबीपासून थेट ओढली, टोकांना लग दाबून बसवले, नवा १६ अँपियरचा सॉकेट आणि नवा प्लग लावला. पूर्ण भार असताना डीबी आणि सॉकेटमधला फरक दीड व्होल्टवर आला. कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसरला पाच मिनिटांचा उशीर दिला. घुमणं बंद.

बिलाचा हिशेब

आता राहिलं बिल. इथे मी मुद्दाम घाई केली नाही. हीटर सोडवलेला, वायरिंग दुरुस्त, पण बाकी फ्रीझर होता तसाच ठेवून प्लगमध्ये लावायचं युनिट मोजणारं मीटर बसवलं आणि पूर्ण एक दिवस-रात्र चालू दिलं. कारण सगळं एकदम दुरुस्त केलं की कशाने किती फरक पडला ते कधीच कळत नाही. २४ तासांत २०.६ युनिट. सरासरी काढली तर ८६० वॉट, आणि मीटरच्या नोंदीत कॉम्प्रेसर एकदाही थांबलेला नव्हता. तरीही आतलं तापमान उणे ११.

गॅसचा दाब मोजायचं गेज लावायचा मोह होतोच. मी लावला नाही. लहान सिस्टिममध्ये दर वेळी होज लावताना-काढताना थोडा गॅस जातो, आणि आर-४०४ए वातावरणाला फार घातक गॅस आहे, कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास चार हजार पट. शिवाय बर्फाने बुजलेल्या कॉइलवर खालचा दाब कमीच दिसणार, आणि तो पाहूनच पूर्वी गॅस भरला गेला असणार. आधी हवेची वाट मोकळी करायची, मग गरज उरली तर दाब पाहायचा.

आतलं पॅनल काढलं. कॉइलच्या जागी बर्फाची पांढरी सलग भिंत. पंखा फिरत होता, पण हवा जायला जागाच नव्हती. कित्येक दिवस एकही डिफ्रॉस्ट पूर्ण झाला नव्हता, कारण प्रत्येक डिफ्रॉस्ट पहिल्याच क्षणी आरसीसीबीने तोडला होता. रात्रीचं पडणं आणि वाढलेलं बिल ही एकाच गळक्या हीटरची दोन टोकं निघाली.

खालचा कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, तपासला. जाळीवर तेलकट काजळी आणि पीठ यांचा गालिचा, मागे तांदळाची पोती टेकवलेली, आणि हवा आत ओढायच्या बाजूला हातभर अंतरावर भाताची गॅस-शेगडी. आत जाणारी हवा ४४ अंश, कंडेन्सरच्या मधल्या वळणावर ६५. अशा फ्रीझरला हवेपेक्षा १० ते १५ अंश वर असलं तर ठीक मानतो. कंडेन्सर जितका गरम, तितका कॉम्प्रेसरला गॅस दाबायला जोर जास्त आणि थंडावा कमी. म्हणजे वॉटही वाढतात आणि चालायचे तासही.

मासा दुसऱ्या खानावळीच्या फ्रीझरमध्ये हलवला. रात्री नरम पडून सकाळी गोठलेला जो बांगडा होता तो टाकून द्या, असं मी काकींना स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी हिशेब न मांडता टाकला. फ्रीझर पूर्ण वितळू दिला. सुरीने बर्फ खरवडायचा नाही, कॉइलची नळी फुटते. कंडेन्सरवर तेल सोडवणारं रसायन मारून, पंख्याच्या मोटरवर प्लॅस्टिक बांधून, हलक्या पाण्याने धुतला. प्रेशर पंप मारला तर पातळ पाती आडवी होतात. फ्रीझर शेगडीपासून दूर, खिडकीच्या भिंतीला नेला, मागे वीतभर जागा सोडली. डिफ्रॉस्ट हीटर नवा, दोन्ही टोकांना साच्यात ओतलेलं सील असलेला. एका दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात कडक झालं होतं, तेही बदललं.

पूर्ण भरलेला फ्रीझर उणे १८ वर स्थिर झाल्यावर मीटर पुन्हा लावलं. आत जाणारी हवा ३५, कंडेन्सर ४८. चालताना ७४० वॉट, दिवसातून साडेपंधरा तास. चारही डिफ्रॉस्ट पूर्ण झाले. त्यांचा खर्च एका युनिटपेक्षाही कमी निघाला, हे सांगायला हवं, कारण वीज वाचवायला डिफ्रॉस्ट बंद करून ठेवणारे मी पाहिले आहेत. एकूण १२.९ युनिट. रोजचा फरक ७.७, म्हणजे महिन्याला सुमारे २३० युनिट, तेही व्यापारी दराने. गॅस एक ग्रॅमही भरावा लागला नाही.

स्वयंपाकघराचा एकच आरसीसीबी मिक्सर, एक्झॉस्ट, फ्रीझर सगळ्यांना मिळून होता. फ्रीझरला ३० मिलिअँपियरचाच स्वतंत्र आरसीबीओ (गळती आणि जास्त करंट, दोन्हींवर पडणारा स्विच) दिला, म्हणजे मिक्सर ओला झाला म्हणून मासा वितळणार नाही, आणि फ्रीझरच्या बॉडीला हात लावणाऱ्याचं संरक्षणही कायम राहील. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबायचं आणि कंडेन्सर ब्रशने झाडायचा, ही दोन कामं काकींच्या सुनेने आपल्याकडे घेतली आहेत.

एक काम बाकी आहे. कंडेन्सरची ॲल्युमिनियमची पाती खाऱ्या हवेने कडेला पांढरी, भुसभुशीत झाली आहेत. यंदाचा पावसाळा ती काढतील. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि साठा कमी झाला की गंजरोधक लेप दिलेला कंडेन्सर बसवायचं ठरलं आहे. तेव्हा सिस्टिम उघडावीच लागेल, त्या वेळी जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणार आहे.